डब्याचे झाकण

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. तू वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. ऑफिसात सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा उघडलास, मागून कोणी ‘आला मासळीबाजार’ म्हणाले, तेव्हा सर्वांबरोबर हसलीस आणि घरी येऊन आईला लसूण कमी घालायला सांगितलेस. वर मला विचारतेस, की मीही शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मुलाला ‘ढोकळा’ म्हणते, मग मला रागावण्याचा अधिकार आहे का. अधिकाराचे राहू दे. थट्टा झाल्यावर कोणाच्या डब्याला झाकण लागले, तेवढे बघ.

कोकणस्थांच्या आमटीतल्या गुळावर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. परंतु आमटी गोड करतो म्हणून मुंबईत कोणाला भाड्याचे घर नाकारल्याचे मी ऐकलेले नाही. मासे खाणाऱ्यांना मात्र कित्येक सोसायट्यांत आजही नकार मिळतो. ‘आला मासळीबाजार’ या दोन शब्दांच्या मागे तो नकार उभा होता, म्हणून ते तुला लागले.

मला हे फार उशिरा कळले. फोर्टमधल्या आमच्या ऑफिसात एक सहकारी होता. मूळचा उडुपीचा, पण आमच्या लेखी मद्रासी. आम्ही त्याला वर्षानुवर्षे ‘इडली’ म्हणत होतो आणि तो दहीभाताचा डबा टेबलाच्या खणात अर्धवट झाकून खात असे. १९६०च्या दशकाअखेरीस नोकऱ्यांच्या प्रश्नावरून दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा उडुपी हॉटेलांवर दगड पडले होते. त्यांतल्याच एका हॉटेलाच्या गल्ल्यावर त्याचे वडील बसत, हे त्याने निवृत्तीच्या दिवशी सांगितले. माझ्या मनात द्वेष नव्हता, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तेव्हा सगळेच तसे बोलत. तरी ते झाकण मला रोज दिसत होते.

‘पण ते प्रेमानेच म्हणतात’ हे तुझे वाक्य वाचून मात्र संताप आला. प्रेमाने म्हणणारा तुझ्या डब्यातली चटणी मागून खातो! आणि त्या गुजराती मुलाचे म्हणशील, तर तुझी हाक ऐकून तो डबा पुढे सरकवत असेल, तर खुशाल म्हण. हल्ली तो एकटाच खाली जाऊन जेवत असेल, तर त्याच्या डब्याचे झाकण तू लावले आहेस. ते मला इथून दिसत नाही, उद्या दुपारी तूच बघ. जाताना चटणी ने, आणि आईला सांग, लसूण नेहमीएवढाच घाल.

तुझा,
काका