सत्तर अर्ज आणि एकही फोन नाही

“वॉर्डात नऊ वर्षं काढली, पण घरून काम केल्याचा अनुभव शून्य. मला कोण घेणार?” मेडिसिन वॉर्डातल्या एका सिस्टरांचा हा प्रश्न. कंबरेमुळे उभ्याची ड्युटी झेपेनाशी झाली होती. घरून करता येईल अशा नर्सिंगच्या कामासाठी चार महिन्यांत सत्तर ठिकाणी अर्ज करून झाले, बोलावणं एकाही ठिकाणाहून आलं नाही. अनुभव नाही म्हणूनच हे होतंय, अशी त्यांची खात्री होती.

अडचण वेगळीच होती. सत्तर ठिकाणी त्यांनी एकच बायोडेटा धाडला होता, आणि ‘घरून नर्सिंग’ नावाची एक अशी नोकरी नसतेच. फोनवर लक्षणं ऐकून रुग्णाला कुठे आणि किती तातडीने पाठवायचं हे ठरवणं, म्हणजे टेलिफोन ट्रायाज, हे एक काम. मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांचा फोनवरून पाठपुरावा हे दुसरं. विमा कंपनीसाठी केसपेपर वाचून उपचार निकषात बसतात का ते पाहणं तिसरं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, हे चौथं, आणि त्यात बोलण्यापेक्षा वाचन-टंकलेखन जास्त. यांतलं एक, फार तर दोन निवडायची. सिस्टरांनी पाठपुरावा आणि ट्रायाज निवडलं.

मग जुने अर्ज चाळले. बरेचसे परवान्यावरच बाद झालेले. आपण घरी बसलो असलो तरी बहुतेक ठिकाणी रुग्ण जिथे आहे तिथला नर्सिंग परवाना लागतो. जाहिरातीतली ही ओळ आधी वाचायची, बाकीची नंतर.

बायोडेटा चार पानी, दोन रकान्यांचा, कोपऱ्यात फोटो. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, माणूस नंतर. फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा, ही सोपी चाचणी. सिस्टरांच्या बाबतीत दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत घुसल्या. परवाना क्रमांक पानाच्या हेडरमध्ये होता, तो आलाच नाही! एक रकाना, दोन पानं, परवाना नावाखालीच, असं नव्याने मांडलं.

मग अनुभवाचा मुद्दा. “रात्री पेशंट बिघडला की डॉक्टरांना फोनवर काय सांगता?” असं विचारल्यावर त्यांनी एका दमात सांगितलं: आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय दिसतंय, तुमच्याकडून काय हवंय. हीच एसबार पद्धत, आणि फोनवरच्या कामाचा हा कणा. बायोडेटात मात्र ‘रुग्णांची काळजी घेतली’ एवढंच. त्या जागी आलं: ‘३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड, दर पाळीला ८ ते १० रुग्ण, बिघडलेल्या रुग्णाची माहिती फोनवर एसबार पद्धतीने देणे, तोंडी आदेश लिहून परत वाचून खात्री करणे, डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन व औषधांचे शिक्षण, संगणकावर नोंदी.’ यात एक शब्दही खोटा नाही. जे केलं नाही ते लिहू नये, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला सरावाच्या कॉलवर. मुलाखतीत असा कॉल देऊ शकतात. सरावात पलीकडून “बाळाला ताप आलाय” असं म्हटल्याबरोबर सिस्टर म्हणाल्या, “पॅरासिटामॉल द्या, अंग पुसून घ्या.” बाळ सात आठवड्यांचं होतं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, म्हणजे लगेच डॉक्टरांकडे, घरगुती उपाय नाहीत. वॉर्डात वय समोरच्या कागदावर असतं, म्हणून विचारायची सवयच राहत नाही. फोनवर आधी परतीचा नंबर आणि पत्ता, कारण लाइन कधीही कटते. मग वय. मग धोक्याची लक्षणं, उरलेलं त्यानंतर.

डोळ्यांचं काम कानांनी करायचं असतं. बाळाचा श्वास मोजायचा तर आईला सांगायचं, “पोट वर आलं की दर वेळी ‘आला’ म्हणा,” आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जोरात चाललेला श्वास. शेवटी “कळलं ना?” असं विचारू नये, “हो” हेच उत्तर येतं. “आता तुम्ही काय करणार, मला सांगा” असं विचारावं. निदान सांगून टाकायचा मोह आवरायचा. दिलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक उत्तर टाइप करत जायचं.

घरची तयारी थोडक्यात: दार लागणारी खोली, कारण रुग्णाची माहिती घरच्यांच्याही कानांवर जाता कामा नये, वायफायऐवजी केबलने जोडलेलं इंटरनेट, मायक्रोफोनचा हेडसेट, वीज गेली तर पर्याय. प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपसाठी आधी पैसे मागणारा, किंवा फक्त चॅटवर मुलाखत घेऊन लगेच नेमणूक देणारा भेटला तर तिथेच थांबावं.

एक गोष्ट सिस्टरांना आवडली नाही, पण सांगावी लागली. आठ तास बसूनही कंबर दुखते, आणि अशा कामात कॉल किती आणि किती मिनिटांचे याचा हिशेब ठेवतात, कॉल रेकॉर्डही होतात. म्हणून मुलाखतीत त्यांनीच विचारायचं ठरवलं: तासाला कॉल किती, मधली सुट्टी कशी, अडलं तर वरिष्ठ लाइनवर येतात का?

पुढचे अर्ज फक्त चौदा. तीन ठिकाणी मुलाखत, तिसऱ्या ठिकाणी मधुमेहाच्या पाठपुराव्याचं अर्धवेळ काम. पहिले काही आठवडे त्यांचे कॉल वरिष्ठ नर्स ऐकत असे. पहिल्याच दिवशीचा शेरा होता: “प्रश्न बरोबर आहेत, पण पेशंटला वाक्य पुरं करू द्या.”