पाखाडी चढताना छातीवर येणारे दडपण

रत्नागिरी तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीत राहणारे साठीचे काका पत्नीसह माझ्याकडे आले होते. घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे. ती चढताना छातीवर दडपण येते आणि थांबले की दोन-तीन मिनिटांत जाते, हे सांगताना त्यांची मूठ नकळत छातीच्या मध्यावर गेली. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून औषधे सुरू केली होती आणि रोज चालण्यासही सांगितले होते. तरी चार महिने काका अंगणापलीकडे गेले नव्हते. "चालताना कळ आली आणि तिथेच आटोपलो तर, मॅडम?" हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक हृदयरुग्णाकडून ऐकते.

अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून बसल्या जागी पुरेसे रक्त मिळते, पण चढणीवर हृदयाची गरज वाढली की ते कमी पडते, म्हणून कळ येते. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हा चढण आणि जेवणानंतरचे चालणे हीच निमित्ते त्यांनी नोंदवली होती. रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरलेला एक जण जवळजवळ बरा झाल्याचेही त्यांनी लिहून ठेवले आहे. हे ऐकून काका प्रथमच ताठ बसले.

"जिभेखालची गोळी कुठे असते?" मी विचारले. "देवघरातल्या कोनाड्यात," काकू म्हणाल्या. पाकीट अजून फोडलेलेही नव्हते. मला वाटते, त्यांच्या भीतीचे अर्धे मूळ तिथेच होते. गोळी सदऱ्याच्या खिशात हवी; कळ येताच थांबावे, बसावे आणि मगच ती जिभेखाली ठेवावी, कारण तिने रक्तदाब उतरतो आणि उभ्याने घेतल्यास भोवळ येऊ शकते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर 108 ला फोन करावा. लैंगिक दुर्बलतेवरील गोळी घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. संकोचामुळे हे बहुधा सांगायचे राहते.

डॉक्टरांच्या संमतीने काकांनी सुरुवात खाडीच्या सपाट बांधावरून केली: पहिली 10 मिनिटे संथ, मग थोडा वेग आणि शेवटी पुन्हा संथ. जेवणानंतर लगेच आणि वैशाखाच्या दमट दुपारी चालायचे नाही, हेही ठरले. एरवीपेक्षा कमी श्रमात, किंवा बसल्या जागी कळ येऊ लागली, तर माझ्या पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, हे मी काकूंकडून दोनदा वदवून घेतले.

दोन महिन्यांनी काका पाखाडी चढू लागले आहेत. मध्यावर आंब्याखाली एक दगड आहे. दडपण येण्याआधीच ते तिथे बसतात. पूर्वी पाठीमागून "बसा हो, बसा" म्हणणाऱ्या काकू आता शेजारी बसतात आणि काका स्वतःहून उठेपर्यंत काही बोलत नाहीत.