कथाकाव्याच्या वाटेने इतिहासाकडे

प्रश्न : शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि कविता म्हणजे पाठांतर, एवढेच मनावर ठसले होते. अलीकडे कथाकाव्ये वाचताना प्राचीन जगाविषयी ओढ वाटू लागली आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : माझ्या मते गिल्गमेशाच्या महाकाव्यापासून, म्हणजे आजच्या इराकमधील प्राचीन उरूक नगरीच्या राजाच्या कथाकाव्यापासून करावी, कारण त्या काव्याइतकीच त्याच्या शोधाची कथाही खिळवून ठेवते. आजच्या इराकमधील मोसुलजवळ असलेल्या निनवे नगरीत राजा अशुरबनिपालने मातीच्या पाट्यांचे मोठे ग्रंथालय उभारले होते. इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूंनी नगर जाळले. पण ज्या आगीत कागदाची राख झाली असती, तिच्यात अनेक पाट्या भाजून उलट टणक झाल्या. एकोणिसाव्या शतकातील उत्खननानंतर त्यांचे तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले आणि नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेल्या जॉर्ज स्मिथ यांना १८७२ मध्ये त्यांतील एकावर याच काव्यातील महापुराची हकीकत सापडली : नौका डोंगराला टेकते, सोडलेले कबुतर परत येते, पाकोळी परत येते, डोमकावळा मात्र परतत नाही.

मला स्वतःला त्याहूनही हलवून सोडतो तो एन्किडूच्या मृत्यूचा प्रसंग. जिवलग मित्राच्या नाकातून किडा गळून पडेपर्यंत, सहा दिवस आणि सात रात्री, गिल्गमेश त्याचे प्रेत पुरू देत नाही. वाचताना दक्षिण इराकचा नकाशा शेजारी ठेवून त्यात उरूक अवश्य शोधावे. काव्याच्या आरंभी ज्या तटबंदीचे वर्णन येते, त्या नगराच्या तटाचे अवशेष आजही तेथे आहेत.