वेगळी खोली मागू नकोस

अगं पोरी,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी चहा पिताना वाचला. उपकेंद्रात मानसिक आरोग्य आणि व्यसनाची सेवा सुरू करा म्हणून वरून पत्र आलंय आणि तू विचारतेस वेगळी खोली मागू का, बाहेर बोर्ड काय लावू. बोर्ड लावूच नकोस. आम्ही एका ग्रामीण रुग्णालयात लावला होता, निळ्या अक्षरात भला मोठा 'मनोविकार विभाग', आणि त्या दारासमोरच्या बाकावर सहा महिने फक्त लसीकरणाला आलेल्या बायका बसायच्या कारण तिथे पंखा होता. कोणाची सून कुठल्या दारात शिरली हे संध्याकाळच्या आत अख्ख्या गावाला कळतं, मग कोण येणार?

त्यापेक्षा हे काम बीपी-शुगरच्या दिवसात घुसव. बीपीची पट्टी सोडताना सहज विचार, झोप कशी लागते हो काकू? मला डिप्रेशन आलंय असं तुला कुणी सांगणार नाही, तुला ऐकू येईल ते म्हणजे डोक्यात मुंग्या येतात, छातीत धडधडतं, कशातच जीव लागत नाही, बाहेरचं असेल काहीतरी. देवऋष्याकडे जाऊन आले असतील तर नाक मुरडू नकोस, एकदा मुरडलंस की ती बाई पुन्हा तुझ्याकडे फिरकत नाही. मी सरळ सांगायचे, तिकडचा अंगारा लावा, इकडची गोळी पण घ्या.

पीएचक्यू-नऊचा, म्हणजे डिप्रेशन तपासायच्या नऊ प्रश्नांचा फॉर्म जनगणनेसारखा भरू नकोस. त्यातला नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा आहे आणि नेमका तोच न विचारता 'नाही'वर टिक मारलेले गठ्ठेच्या गठ्ठे मी पाहिलेत. विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं ही भीती खोटी आहे, उलट विचारलं की माणूस सुटल्यासारखा रडतो. उत्तर 'हो' आलं तर पुढचा प्रश्न लगेच, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? ते त्याच दिवशी घराबाहेर काढायला लाव, भावाकडे, शेजाऱ्याकडे, कुठेही पण कुलपात, आणि त्याला एकटं ठेवू नका हे घरच्यांना बजावून लगेच डॉक्टरांना कळव.

आता दारूचं. इथे मी स्वतः चुकलेय म्हणून जरा लांबण लावते. नवीन होते तेव्हा एका रोज पिणाऱ्या माणसाला मी तासभर समजावलं, मुलीची शपथ घ्यायला लावली आणि आजपासून बंद म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री तो अंथरुणावरच्या मुंग्या झटकत होता, मुंग्या नव्हत्याच, सगळं अंग घामाने थबथबलेलं, बायकोला ओळखेना, आणि घरचे म्हणाले झपाटलंय. त्याला बैलगाडीच्या दोराने बांधून ठेवलं होतं गं. वाचला तो, पण माझ्यामुळे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात का, पूर्वी सोडली तेव्हा फिट आली होती का, हे विचारल्याशिवाय 'सोड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हो म्हणाला तर मेडिकल ऑफिसरकडे, तिथे गोळ्यांवर हळूहळू उतरवतात. आणि तिथल्या सिस्टरला ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची आठवण कर, कोणी चिडलं तरी कर.

अजून एक, बायका गुपचूप विचारतील की त्याला न सांगता चहातून द्यायची पावडर मिळते ती आणू का. जाहिराती असतात तसल्या. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वरून त्याने प्यायली तर तो मरूही शकतो. ओरडू नकोस त्या बाईवर, तिने सगळे उपाय करून झालेले असतात, पण नको म्हणजे नको.

आपल्याला हे जमेल का असं विचारलंस ना. गोव्यात संगत संस्थेने डिप्रेशन आणि चिंतेच्या पेशंटवर 'मानस' नावाचा अभ्यास केला होता, 24 दवाखाने, निम्मे सरकारी निम्मे खासगी, आणि समुपदेशनाला बसवलेल्या बायका स्थानिक, आरोग्याचं कुठलंही शिक्षण आधी न घेतलेल्या. 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला आणि फायदा दिसला तो सरकारी केंद्रांतच. तू तर नर्सिंग शिकलेली आहेस. फक्त त्या बायकांच्या मागे नियमित सुपरव्हिजन होतं, सायकियाट्रिस्ट होता, ते तू भांडून माग. खोलीसाठी नको, त्यासाठी भांड. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्व्हेत दारूचा आजार असलेल्या 100 पैकी जवळपास 86 जणांना उपचारच मिळत नव्हते, ते जिल्ह्याच्या एका सायकियाट्रिस्टच्या भरवशावर कसे मिळणार.

टार्गेटवाले तुला स्क्रीनिंग किती झालं एवढंच विचारतील. दे त्यांना आकडा. तू मात्र साध्या वहीत एक वेगळा रकाना ठेव, दुसऱ्यांदा आला का, तिसऱ्यांदा आला का. डिप्रेशनची गोळी लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात आणि मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून लोक चौथ्या दिवशी पाकीट फेकून देतात. हे आधीच सांगितलेलं असलं आणि आशाताईने पाचव्या दिवशी घरासमोरून जाताना नुसतं 'गोळी चालू आहे ना' म्हटलं, तरी निम्मं काम होतं. गोळी सुरू करणं डॉक्टरांचं काम, ती सुटू न देणं तुझं. रात्री-अपरात्री कोणाला बोलायचं असेल तर 14416, टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी स्वतः एकदा लावून बघ म्हणजे पेशंटला नीट सांगता येईल.

सोमवारी पीएचसीत गेलीस की फार्मासिस्टकडून एवढं बघून ये, दारू उतरवायची लोराझेपाम, थायमिन आणि डिप्रेशनची एस्सिटालोप्राम किती आहे आणि एक्सपायरी कधीची. मग फोन कर, पण पाचनंतर, दुपारी मी झोपते.

— ताई