विचारा फॅमिली डॉक्टरांना: लाल गोळ्या, राहिलेला डोस आणि बाहेर बसवलेली आई

प्रश्न: मॅडम, मला पाचवा महिना चालू आहे, एचबी (हिमोग्लोबिन) 9.4 आलंय. आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्यात पण घेतल्या की मळमळतं आणि शी एकदम काळी होते. सासूबाई म्हणतात या गोळ्यांनी बाळ मोठं होतं मग सिझर करावं लागतं. बंद करू का? – तासगाव

उत्तर: बंद अजिबात करू नका. गरोदरपणात एचबी 11 च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, आणि 9.4 असेल तर बहुतेक वेळा दिवसाला एक नाही, दोन गोळ्या लागतात, पण ते कार्ड दाखवून डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मनाने वाढवू नका. शी काळी होते ती लोहामुळे, त्यात काही नाही. मळमळत असेल तर सकाळी उपाशीपोटी नको, रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घेऊन बघा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि चहा गोळीच्या तासभर आधी नाही नंतरही नाही, हे सगळ्यात अवघड जातं मला माहितीये! सासूबाईंना सांगा, लोहाने बाळ सिझर होण्याइतकं फुगत नाही, उलट बाळंतपणात रक्त जातंच आणि अंगात आधीच कमी असेल तर जिवावर बेततं. मी तर म्हणते त्यांनाच सोबत न्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी फुकट असते, तिथे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पटतं. आणि हो, अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून सांगून पेनकिलर आणू नका, पाचवा महिना आहे हे आधी सांगायचं.

प्रश्न: बाळंतपणाला माहेरी सोलापूरला होते. पुण्याला परत येण्याच्या गडबडीत बाळाचा अडीच महिन्यांचा लसीचा डोस राहिला, आता ते साडेपाच महिन्यांचं आहे. सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

उत्तर: नाही. जिथे थांबलं तिथून पुढे, पुढचा डोस चार आठवड्यांनी. माहेरचं कार्ड घेऊन उद्याच जा. साधी सर्दी असली तरी लस देतात, त्यासाठी थांबू नका.

प्रश्न: मुलगी 15 वर्षांची, पाळी तेराव्या वर्षी आली, अजून मागेपुढे होते, कधी दीड महिन्याने येते. पिंपल्सही खूप. शेजारच्या ताई म्हणतात पीसीओडी (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होणं) आहे, सोनोग्राफी करून गोळ्या चालू करा. आमच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी मलाच दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं! आईसमोर काय लपवायचं असतं?

उत्तर: पहिल्या दोन-तीन वर्षांत पाळी 21 ते 45 दिवसांत कधीही येऊ शकते, तिची त्यातच बसतेय. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नका असं आता आंतरराष्ट्रीय गाईडलाईन्सच सांगतात, कारण या वयात निरोगी मुलींच्या ओव्हरीतही (अंडाशयात) भरपूर फॉलिकल्स, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या, दिसतात, मग रिपोर्ट वाचून घरात रडारड. तीन महिने आलीच नाही, सात दिवसांवर रक्त जात राहिलं, किंवा हनुवटीवर-छातीवर दाट केस येतायत असं असेल तर मात्र तपासण्या करायच्या. एचबी मात्र आत्ताच करून घ्या, मुलींचं 12 तरी हवं, शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती मुलगी खरंच गिळते की गोळी दप्तरात जाते तेही विचारा.

बाहेर बसवल्याचा राग मानू नका, मी पण बसवते. लहानपणापासून ज्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्याला येतेय त्यांच्याशी ती एकटीने बोलली तर झोप, जेवण टाळणं, मोबाईलवर कोण त्रास देतंय, कोण आवडतं, सगळं निघतं. आईसमोर विचारलं की उत्तर एकच, 'काही नाही'. ती सांगेल ते डॉक्टर तिला विचारल्याशिवाय तुम्हाला सांगणार नाहीत, फक्त तिच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगतील, आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, हे चांगला डॉक्टर मुलीला सुरुवातीलाच सांगतो. पुढच्या वेळी तुम्ही स्वतःच उठून बाहेर जा, ती बघत असताना.