सोनेगावचा रनवे, स्क्रीनवरचा आणि खरा

प्रश्न: माझा मुलगा बारावीत आहे, पायलट व्हायचं म्हणतो. दोन वर्षांपासून घरी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर चालवून राहिला, रोज इथल्या सोनेगाव विमानतळावर विमान उतरवतो. आता म्हणतो, आई मला खरं विमान दे, उतरवूनच दाखवतो. वरून तीन स्क्रीनचा सेटअप मागून राहिला. हे सिम्युलेटर खऱ्याच्या कितपत जवळ असतं? एवढा खर्च करावा का?
— एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: ताई, मुलगा थापा मारत नाही. त्याला बरंच काही येत असेल, फक्त ते उतरवणं सोडून.

मी पहिल्यांदा सेस्ना १५२ या शिकायच्या छोट्या विमानात बसलो तेव्हा असाच घरी भरपूर तास काढून गेलो होतो. चेकलिस्ट पाठ, व्हीओआर, म्हणजे दिशा दाखवणारं रेडिओ यंत्र, कसं लावायचं माहीत, रेडिओवर काय बोलायचं तेही, इन्स्ट्रक्टर खुश झाले. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद, पूर्ण दिला तर विमान डावीकडे ओढायला लागलं, उजवा रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी वळवणारं पायाचं पेडल, दाबायचा हे मला चांगलं ठाऊक होतं पण पाय काही हलेना, कारण घरी पेडलच नव्हते ना. वर गेल्यावर माझे डोळे सारखे मीटरवर. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून कागद काढला, स्पीड आणि उंचीच्या मीटरवर लावला आणि म्हणाले, आता बाहेर बघ, विमानाच्या नाकाच्या वर क्षितिज कुठे दिसतं ते बघ. घरून शिकून येणाऱ्यांची ही सगळ्यात घट्ट बसलेली सवय, ती मोडायला मला बरेच दिवस लागले.

उतरताना शेवटच्या दहा-पंधरा फुटांत नाक हळूच उचलावं लागतं, त्याला फ्लेअर म्हणतात, आणि जमीन किती खाली आहे हे डोळ्यांच्या कडांना कळतं, समोरच्या एका स्क्रीनवर नाही. शिवाय स्पीड कमी झाला की खऱ्या विमानाचं योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, सैल पडतं, घरच्या साध्या जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र प्रत्येक स्पीडला तेवढीच कडक.

सॉफ्टवेअर कच्चं आहे असं नाही हं. एक्स-प्लेन नावाचं सिम्युलेटर तर पंखाचे बारीक तुकडे करून प्रत्येकावरचा जोर वेगळा मोजतं. आपला रनवे समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, पण मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा इतकी विरळ होते की विमानाला ते जवळपास ५ हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, टेकऑफला रनवे जास्त लागतो, हे स्क्रीनवरही बरोबर दिसतं. पण त्याच दुपारी नांगरलेल्या काळ्या शेतावरून विमान वर फेकलं जातं आणि तलावावर आलं की खाली बसतं, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो खुर्चीत बसून येत नाही आणि तिथे पॉजचं बटणही नसतं.

एअरलाइनची हलणारी सिम्युलेटर वेगळी, त्यांना मान्यता असते. घरच्या तासांना नाही, कमर्शियल लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांत त्यातलं एक मिनिटही धरत नाहीत.

म्हणून तीन स्क्रीन राहू द्या, रडर पेडल घेऊन द्या. त्याच्याही आधी डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, क्लास टू मेडिकल (पायलटची आरोग्य तपासणी) करून घ्या, रंग ओळखण्यात अडचण असेल तर ट्रेनिंगची फी भरायच्या आधीच कळलेली बरी. आणि मग फ्लाइंग क्लबमध्ये इन्स्ट्रक्टरसोबत एक तास उडू द्या, शक्यतो दुपारी.