तारीख जवळ आलीय आणि तो म्हणतो, 'परत बघूया का?'

प्रश्न : ताई, माझं वय ३४. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टची ड्यूटी. आम्ही भोसरीला भाड्याने राहायचो. त्याने मला न सांगता धाकट्या दिराच्या ट्रॅक्टरसाठी सहा लाखांचं पर्सनल लोन काढलं. मुलीच्या शाळेची फी भरायला खात्यात पैसे नाहीत म्हटल्यावर मला ते कळलं. मी विचारलं, तर म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" मी पतसंस्थेत कारकून होते, दिवसभर लोकांची कर्जप्रकरणं बघायचे. ते वाक्य मला अजून विसरता येत नाही. गेल्या वर्षी जानेवारीत मी मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी आले, इथल्या पतसंस्थेत नोकरी मिळाली. या मार्चमध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. मारहाण, दारू, बाहेरची भानगड असं काहीही नव्हतं.

ऑगस्टमध्ये मुलीला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात होती. तो नाइट शिफ्ट करून थेट यायचा आणि कॉटखाली चादर टाकून झोपायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, "चूक माझीच होती. परत बघूया का?" मला होय म्हणावंसं वाटतंय. पण पुढच्या महिन्यात सेकंड मोशनची, म्हणजे दोघांनी कोर्टात पुन्हा संमती सांगायची, तारीख आहे. वकील म्हणतात, आता फक्त सही राहिलीय. वकिलाचे पैसे भावाने भरलेत. तो म्हणतो, आता मागे फिरलीस तर आमच्या दारात येऊ नकोस. कोर्ट रागावेल का? मी काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवर येते. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'तुला काय कळतंय' पाशी थांबले, कारण तुमचं घर सहा लाखांनी मोडलेलं नाही, या वाक्याने मोडलंय.

आधी कोर्टाची भीती काढून टाक. कोर्ट रागावत नाही. शक्य असेल तिथे नवरा-बायकोत समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. हिंदू विवाह कायद्यात तसं लिहिलंय आणि १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही. आम्हा समुपदेशकांची नेमणूक त्यासाठीच होते. अर्ज मागे घेतोय असं सांगायला आलेल्या जोडप्याकडे बघून न्यायाधीशांचा चेहरा सैल झालेला मी कितीदा पाहिलाय.

'फक्त सही राहिलीय' हेही तितकंसं खरं नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबायला लावतात ते विचार करायला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत काही बाबतीत माफ करता येईल असं सांगितलं. ज्यांचं खरोखर संपलंय त्यांच्यासाठी ते योग्यच झालं. पण सहा महिने भरले की सही केलीच पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांपर्यंत सेकंड मोशन करता येतं. तुझा अर्ज मार्चचा, म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. आणि संमती घटस्फोटाच्या हुकूमनाम्यापर्यंत टिकलेली असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. तोवर ती मागे घेता येते. वकिलांना सांग, या तारखेला जबाब द्यायचा नाही, पुढची तारीख मागा. कारण विचारलं तर 'बोलणी चालू आहेत' एवढं पुरे.

अर्ज मात्र लगेच मागे घेऊ नकोस आणि लगेच भोसरीलाही जाऊ नकोस. परस्पर संमतीचा अर्ज करायला आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. उद्या संसार मांडलात, अर्ज मागे घेतलात आणि परत फिसकटलं, तर ते वर्ष पहिल्यापासून मोजावं लागेल. शिवाय एकत्र नांदायला लागलं की मागचं वागणं माफ केलं असं कायदा धरू शकतो. १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक गाजलेला निकाल याच मुद्द्यावर आहे आणि तो दावा पुण्यातच सुरू झाला होता. पुन्हा तसंच वागणं झालं तर जुनी तक्रारही परत उभी राहते, हेही त्यात आहे. हे घाबरवायला सांगत नाही. तुझ्या हातात वेळ आहे, तो वापर.

माझ्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. जोडपी तिथे बसून पुकारा व्हायची वाट बघायची. मी दार उघडलं की पहिल्यांदा बाईची पर्स कुठे आहे ते बघायचे. पहिल्या तारखेला ती बहुतेक दोघांच्या मध्ये असायची, भिंतीसारखी. एका जोडप्याची पर्स तिसऱ्या तारखेला तिच्या पायाशी खाली गेली आणि मध्ये डबा आला. दोघं एकाच डब्यातून शेंगदाण्याची चटणी-पोळी खात होते. मला इतका आनंद झाला! पाडव्याच्या आधी त्यांनी केस मागे घेतली. आठ महिन्यांनी ती दोघं परत त्याच बाकावर होती. ज्या गोष्टीवरून बिनसलं होतं, तिचा विषय दोघांनीही काढलाच नव्हता. काढला तर पुन्हा भांडण होईल म्हणून. त्या दिवसापासून मी डबा बघून हुरळून जायचं सोडलं आणि विचारायला लागले, 'त्या गोष्टीवर बोललात का?'

तुझ्या बाबतीत ती गोष्ट कर्ज आहे. चार रात्री कॉटखाली झोपणारा माणूस बाप म्हणून चांगला आहे, यात मला शंका नाही. नवरा म्हणून त्याने काय केलं आणि पुढे काय करणार, हे त्याने अजून सांगायचंय. 'चूक माझीच होती' म्हणाला ते बरंच झालं. आता कोणती चूक, ते त्याच्या तोंडून ऐक. कर्ज काढलं ही, लपवलं ही, की तुला अडाणी ठरवलं ही? त्याला साप्ताहिक सुट्टीला साताऱ्याला येऊ दे. येताना पासबुक, कर्जाचं स्टेटमेंट आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणायला सांग. किती हप्ते गेले, किती राहिले, दीर काही देतो की नाही, हे दोघांनी एका कागदावर मांडा. तू हेच काम रोज करतेस. तो कागद तुझ्या हाताने लिही आणि त्याला शेजारी बसू दे. 'तुला काय कळतंय' याचं उत्तर तिथेच मिळेल, भांडायची गरज पडणार नाही. कागद आणायला त्याने टाळाटाळ केली, तर तेही उत्तरच समज.

अशा तीन-चार भेटी होऊ देत. गरज वाटली तर न्यायालयातल्या समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. तिथे बोललेलं तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जात नाही. मारहाण असती तर मी तुला यातलं काहीही सुचवलं नसतं. आधी तुझी सुरक्षितता बघितली असती.

आणि नोकरी सोडू नकोस. हे मी तुला अगदी कळकळीने सांगते. पुण्याकडच्या शाखेत बदली होते का विचार, नाहीतर तिकडे दुसरी नोकरी हातात आल्यावरच राजीनामा दे. परत जायचं तर आपल्या पगारासह जा.

भावाचं म्हणशील तर त्याचा राग मला कळतो. तू मुलीला कडेवर घेऊन आलीस ती रात्र त्याने पाहिलीय. त्याच्याशी वाद घालू नकोस. "दादा, वकिलाचे पैसे मी हप्त्याने परत करते, पण हा निर्णय मला घेऊ दे," एवढं सांग आणि पहिला हप्ता या पगारातूनच दे. 'दारात येऊ नकोस' म्हणणारे भाऊ बहुतेक वेळा भाऊबीजेला स्वतःच फोन करतात, हे मी पाहिलंय. तुझ्या भावाचं मला माहीत नाही, पण तो बोललाय ते काळजीपोटी, असंच पत्रावरून वाटतं.

सगळं बोलून झालं, हिशेब मांडून झाला आणि दोघांचं ठरलं, की वकिलाकडून अर्ज मागे घेत असल्याची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, तयार करून घ्या. दोघांच्या सह्या करून ती न्यायालयात द्या. तडजोडीच्या अटींप्रमाणे तुझं स्त्रीधन परत आलं असेल, तर ते तुझ्याच नावच्या लॉकरमध्ये राहू दे.

मुलीला इतक्यात काही सांगू नकोस. दवाखान्यात बाबा चार दिवस दिसले म्हणून ती आता रोज विचारत असेल. 'बाबा रविवारी भेटायला येणार आहेत' एवढंच खरं आहे, तेवढंच सांग. बाकीचं पुरशिस दाखल होईल त्या संध्याकाळी दोघांनी मिळून सांगा.